उभं जंगल विकत घेताना: सातबाऱ्यापासून झऱ्याच्या हिशोबापर्यंत

दिवाळी सरली की सह्याद्रीच्या कोकणाकडच्या उतारांवर लाकडाचे ठेकेदार फिरू लागतात. जमिनीचा मालक बहुतेक वेळा मुंबईत, गावात त्याची म्हातारी काकी नाहीतर चुलतभाऊ. ठेकेदार रानातून तासभर चक्कर मारतो. ऐन किती, किंजळ किती, खैर आहे का, गाडी कुठवर येईल, एवढं बघतो आणि उक्ता आकडा सांगतो. महिन्याभरात डोंगर बोडका होतो. बुंध्यांना फुटवे येतात, सात-आठ वर्षांत रान पुन्हा दाटतं आणि पुन्हा कुणीतरी आकडा सांगायला येतो.

त्या आकड्यात खालच्या वाडीचा झरा नसतो. पावसात जागची न हललेली माती नसते, बेहड्याच्या ढोलीतलं धनेशाचं घरटंही नसतं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र फारच थोडं, डोंगरावरचं बहुतेक रान खासगी मालकीचं. त्यामुळे हे रान उभं राहणार की नाही, हे पुष्कळदा एका कुटुंबाला त्या वर्षी पैशांची किती निकड आहे त्यावर ठरतं. म्हणूनच रान राखण्यासाठी ते विकत घेणारी माणसं मला महत्त्वाची वाटतात. आम्ही तीन मित्रांनी मिळून संगमेश्वर तालुक्यात अकरा एकर रान घेतलं, त्याआधी एक व्यवहार हातचा घालवला. त्या दोन्हींतून जे कळलं ते नव्याने या वाटेला येणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो.

पहिलं पाऊल: तुम्हाला ही जमीन घेता येते का

कोकणातलं मालकीचं रान महसुली कागदावर शेतजमीनच असतं, बहुधा वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) किंवा पोटखराब (लागवडीला न येणारी) म्हणून. महाराष्ट्र कुळवहिवाट आणि शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तिघे मिळून घेणार असाल तर तिघांचेही शेतकरी असल्याचे पुरावे लागतात. संस्था किंवा कंपनीच्या नावावर घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसांकडून हा प्रश्न वारंवार येतो: अनिवासी भारतीयाला वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी खरेदी करता येत नाही. अशांनी गावाकडचं आपलं वडिलोपार्जित रान तोडीला जाऊ न देणं हेच मोठं काम आहे, आणि त्याला खरेदीखतही लागत नाही.

कमाल जमीनधारणेची मर्यादाही लक्षात ठेवा. कोरडवाहू जमिनीला ती ५४ एकर आहे आणि तुमची गावाकडची जुनी जमीन तिच्यात धरली जाते.

दुसरं पाऊल: कागद

इथे घाई करू नका. रान बघून मन भरतं आणि मग कागद वाचताना डोळे झाकले जातात. आधी कागद, मग रान, हा क्रम पाळा.

सातबारा, आठ-अ, सगळे फेरफार, गावनकाशा आणि तीस वर्षांचा शोध अहवाल मागवा. सातबाऱ्यावर सगळ्यात आधी 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. तिथे 'खाजगी वन', 'वन कायदा कलम ३५' किंवा 'वनसंज्ञा' असं काही दिसलं, तर वकिलाने लेखी मत देईपर्यंत विसार देऊ नका.

या शब्दांमागचा इतिहास थोडा तरी माहीत हवा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ चा. त्या वर्षी ३० ऑगस्टला राज्यातली खासगी वनं सरकारजमा झाली. सगळी मिळून १२ हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्यांना ती परत देण्याची तरतूद नंतर कलम २२-अ मध्ये आली. पण कित्येक गावांत सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच राहिलं, कब्जाही त्याचाच, आणि कायद्याने मालक सरकार. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात सांगितलं की कलम ३५ ची, म्हणजे खासगी रानातल्या तोडीवर निर्बंध घालण्यासाठीची, नोटीस नुसती काढली म्हणून जमीन खासगी वन ठरत नाही. तरी प्रत्येक गटाचं प्रकरण वेगळं असतं आणि ते निस्तरण्यात वर्षं जातात.

दुसरी तारीख १२ डिसेंबर १९९६. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' शब्दाचा शब्दकोशातला अर्थ धरायला सांगितलं, मग मालकी कुणाचीही असो. सिंधुदुर्गातल्या वनसंज्ञेच्या, म्हणजे जमीन 'वन' म्हणून धरल्याच्या, नोंदी याच आदेशामागून आल्या. रान राखण्यासाठीच घेत असाल तर हे बंधन तुमच्या मनाविरुद्ध नाही. पण पुढे राहायला खोली बांधायची, रस्ता काढायचा असं काही मनात असेल, तर ते आजच पडताळून बघा.

आणखी काही ठिकाणी थबकायला हवं. जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, आहे का? कुळकायद्याने मिळालेली, कलम ४३ च्या बंधनातली आहे का? आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ लागतं, तिकडे जाऊच नका. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांनी सामाईक धरलेल्या) जमिनींचा जुना गुंता आहे. गोव्यात खासगी वन ठरवायला वेगळे निकष लागतात: सलग किमान पाच हेक्टर क्षेत्र, ०.४ किंवा अधिक छत्रघनता (फांद्या-पानांनी झाकलेला जमिनीचा हिस्सा) आणि झाडांपैकी किमान पाऊणशे टक्के वनवृक्ष. दोडामार्गाकडून गोव्यात उतरताना रान तेच राहतं, कायद्याची मोजपट्टी बदलते.

मग हिस्सेदार. आमच्या गटावर सतरा नावं होती. त्यातली चार माणसं वारलेली, दोघींची लग्नानंतरची नावं कुणाला नीट सांगता येईनात. वारसनोंदी लावून घ्यायला चौदा महिने गेले. 'बाकीच्यांच्या सह्या नंतर घेऊ' असं कुणी म्हटलं तर थांबा. मुंबईतल्या एका आत्याची सही राहिली की तोच हिस्सा पुढे तोडीवाल्याच्या हातात जाऊ शकतो आणि वाटप न झालेल्या जमिनीत कुठलं झाड कुणाचं हे कुणीच सांगू शकत नाही.

भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. हद्दीचे दगड गाडल्यावर शेजाऱ्यांना बोलावून दाखवा, चहा द्या. रानाच्या हद्दीवरची भांडणं बहुतेक वेळा एखाद्या आंब्यावरून नाहीतर काजूवरून सुरू होतात.

तिसरं पाऊल: झाडं खरेदीखतात आणा

आमचा पहिला व्यवहार इथेच फसला. राजापूरच्या बाजूला एक सुंदर उतार होता, खाली ओढा, वर जांभ्याचा सडा. बोलणी झाली, विसार दिला, मोजणीचा अर्ज केला. दीड महिन्याने मोजणीला गेलो तर वळणावरून डोंगर भलताच उजळ दिसला. ओंडके रस्त्याकडेला रचलेले होते, बुंध्यांच्या कापांतून अजून चीक येत होता. झाडं आमच्या आधी दुसऱ्या कुणाला उक्ती दिलेली होती. मालकाच्या लेखी त्याने आमची फसवणूक केलेलीच नव्हती, कारण आमचं बोलणं 'जमिनीचं' झालं होतं. आम्ही तेव्हा झाडांचा उल्लेखही केला नव्हता, कारण जमीन म्हणजे झाडं आलीच असं आम्ही धरून चाललो होतो.

तेव्हा विसारपावतीतच लिहून घ्या की झाडांचा व्यवहार आधी कुणाशी झालेला नाही आणि खरेदीखतापर्यंत एकही झाड तुटणार नाही. तीन फुटांहून जास्त घेराच्या झाडांची यादी जोडा, फोटो काढा. महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याचा विनियमन कायदा आहे आणि अनुसूचीतली झाडं तोडायला परवानगी लागते. तोडीसाठी कुणाचा अर्ज पडला आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि तहसीलमध्ये विचारून या.

चौथं पाऊल: रानात आधीपासून असलेली माणसं

रान कधीच रिकामं नसतं. कुणाची गुरं चरतात, कुणी राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) कवळ म्हणजे डहाळ्या तोडतं, कातकरी बायका फाटी नेतात, कुणाची पायवाट शाळेकडे जाते. ही वहिवाट सातबाऱ्यावर नसते, पण ती खरी असते. कुंपण घालून तुम्ही एका दिवसात शत्रू मिळवाल आणि पहिला वणवा त्याच उन्हाळ्यात लागेल. आम्ही पायवाट तशीच ठेवली, वाळलेली फाटी नेऊ दिली, कवळ तोडण्यासाठी हद्दीजवळचा एक पट्टा ठरवून दिला. वर्षातून एकदा गावाच्या रीतीने राखणदाराला नारळ ठेवतो. रानाला राखणदार आहे असं मानणारा गाव रानाकडे कसा बघतो, हे त्या सकाळी कळतं.

आणि देवराई विकत घ्यायचा विचारही करू नका, कुणी विकायला काढली तरी.

पाचवं पाऊल: रान मोजा

मूल्य काढायचं तर आधी मोजमाप हवं. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. शिंप्याचा टेप, शंभर फुटी दोरी, बादली, मोबाइलमधलं घड्याळ आणि एक वही एवढ्यावर पहिली दोन वर्षं निघतात.

झाडांपासून सुरुवात करा. ३१.६२ मीटर लांब आणि तितकाच रुंद चौकोन आखला की हेक्टरचा दहावा हिस्सा होतो. रानाच्या वेगवेगळ्या भागांत असे चार-पाच चौकोन घ्या. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला मोजा. झाडाचं नाव गावातल्या जाणत्याकडून विचारून लिहा.

आमच्या खालच्या कोपऱ्यात एक बेहडा आहे. घेर तीन मीटर, म्हणजे व्यास साधारण ९५ सेंटिमीटर. उंची बावीस मीटरच्या आसपास. उष्णकटिबंधातल्या झाडांसाठी वापरतात त्या सूत्रात हे आकडे घातले की जमिनीवरचं वाळलं वजन साधारण सात टन येतं. त्यातला कार्बन साधारण सव्वातीन टन, आणि त्याला ३.६७ ने गुणलं की बारा टन कार्बन डायऑक्साइड. आता त्याच झाडाजवळ उभं राहून वर बघा. पंधरा-सोळा मीटरवर जुनी फांदी मोडून ढोली झाली आहे. फेब्रुवारीपासून राज धनेशाची मादी आत बसते, चिखल-विष्ठेने तोंड लिंपून घेते, आणि नर एवढीशी फट ठेवलेल्या जागेतून तिला फळं भरवतो. ठेकेदाराने हेच झाड 'पोकळ आहे' म्हणून जवळजवळ फुकटात धरलं होतं. आणि पोकळ आहे म्हणूनच आमच्या सूत्राने काढलेला कार्बनही थोडा जास्त आलेला आहे. एकाच ढोलीने लाकडाचा भाव पाडला, कार्बनचा आकडा चुकवला आणि पक्ष्याला घर दिलं. मूल्यांकनाचा कुठलाही तक्ता हातात आला की मला हे झाड आठवतं, आणि तुम्हीही तुमच्या रानात असं एखादं झाड शोधून ठेवावं असं मनापासून वाटतं.

मग पाणी. आमच्या पऱ्याच्या (छोट्या ओढ्याच्या) मुखाशी, जिथे सगळी धार एका दगडावरून पडते, तिथे पंधरा लिटरची बादली धरली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती पन्नास सेकंदांत भरली. सेकंदाला ०.३ लिटर, म्हणजे दिवसाला २५,९२० लिटर. ग्रामीण नळयोजनेत माणशी रोजचे ५५ लिटर धरतात, त्या हिशोबाने ४७० माणसांचं पाणी.

आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, पुढचा हिशोब करा. खालच्या वाडीत माणसं एकशे दहा. त्यांची गरज दिवसाला ६,०५० लिटर. मार्च ते मे असे नव्वद दिवस धरले तर साडेपाच लाख लिटरच्या आत, म्हणजे दहा हजार लिटरचे चोपन्न टँकर. टँकरला समजा दीड हजार पडले, तर वर्षाला ८१ हजार रुपये. झरा आटला असता तर वाडीला किंवा ग्रामपंचायतीला हा खर्च आला असता, म्हणून याला टाळलेला खर्च म्हणतात. जास्तीचं पाणी ओढ्याला जातं. त्याचंही मोल आहे, पण ते या हिशोबात घुसवू नका.

आता प्रामाणिकपणाचा भाग. हे सगळं पाणी जंगलामुळेच आहे असं म्हणता येत नाही. जांभ्यातून आणि खालच्या कातळाच्या भेगांतून पाणी कुठून येतं, हे तुमच्या हद्दीवर ठरत नाही. झाडं स्वतःही पाणी पितात. जंगलाची कामगिरी म्हणजे पालापाचोळ्याने पाऊस मुरवणं आणि माती धरून ठेवणं. ती कळायला शेजारच्या तोडलेल्या उताराचा पऱ्याही त्याच दिवशी, त्याच बादलीने मोजा. तीन उन्हाळे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा, मग बोलायला आधार येतो.

सहावं पाऊल: मूल्य आणि भाव वेगळे ओळखा

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. मूल्य म्हणजे रान कुणाच्या किती उपयोगी पडतं. भाव म्हणजे त्यासाठी कुणी खरोखर मोजलेले पैसे. पहिला आकडा वहीत काढता येतो, दुसऱ्यासाठी गिऱ्हाईक लागतं.

भोपाळच्या भारतीय वन प्रबंध संस्थेने व्याघ्र प्रकल्पांचं आर्थिक मूल्यांकन केलं, २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यात आपलं मेळघाटही होतं. सरकारला जंगलाचं महत्त्व पटवायला असे अभ्यास फार उपयोगी पडतात. पण ते आकडे कुणी जंगलाला दिलेले पैसे नव्हेत.

जमिनीचे दलाल आणखी एक आकडा फेकतात, तो 'निव्वळ वर्तमान मूल्या'चा. वनजमीन खाणीला, धरणाला, रस्त्याला दिली जाते तेव्हा प्रकल्पवाल्याने सरकारकडे भरायची ही रक्कम. २००८ मध्ये ती हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख होती, २०२२ मध्ये ९.५७ ते १५.९५ लाख झाली. ही रक्कम जंगल जाणार म्हणून भरली जाते आणि भरपाई वनीकरण निधीत जाते. ते राखणाऱ्याला यातला रुपयाही मिळत नाही. हा आकडा दाखवून कुणी जमिनीचा भाव वाढवून सांगत असेल तर उठून या.

खरे गिऱ्हाईक कसे असतात, त्याची दोन उदाहरणं मला पटलेली आहेत.

हिमाचलात पालमपूर शहराला बोहल गावाच्या झऱ्याचं पाणी येतं. २०१० मध्ये पालमपूर नगरपरिषदेने वरच्या गावांच्या समितीशी करार केला आणि झऱ्यावरचं जंगल राखण्यासाठी वर्षाला दहा हजार रुपये देऊ केले. रक्कम लहान आहे, पण पाणी पिणारा कोण, जंगल राखणारा कोण आणि कशासाठी पैसे, हे तिन्ही कागदावर स्पष्ट आहे.

दुसरं उदाहरण आपलं. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर भागात रानमालकांशी तोड न करण्याचे करार करत आली आहे. बेहडा आणि हिरडा गोळा करण्याला तिने फेअरवाइल्ड प्रमाणपत्र (रानातला माल जपून आणि रास्त मोबदला देऊन गोळा केल्याचं) मिळवून दिलं आणि ब्रिटनमधली पक्का हर्ब्स ही कंपनी तो माल घेऊ लागली. फळाला चांगला भाव आला की बेहडा उभा राहतो आणि बेहडा उभा राहिला की धनेशाची ढोली राहते. छोट्या रानमालकासाठी मला हीच वाट सगळ्यात जवळची वाटते: हिरडा, बेहडा, रातांबा, मध. एकट्याने नको, आठ-दहा मालक मिळून.

कार्बन क्रेडिटचं, म्हणजे झाडांनी साठवलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या दाखल्यांचं काय, हे सगळेच विचारतात. साधा हिशोब करा. चार हेक्टर रान, वाढतं आहे असं धरून हेक्टरी वर्षाला समजा पाच टन कार्बन डायऑक्साइड. वीस टन झाले. टनाला समजा आठशे रुपये मिळाले तर सोळा हजार. प्रकल्पाची नोंदणी आणि तपासणी यांचा खर्च लाखांत जातो, तेव्हा एकट्या मालकाला हे परवडत नाही. शिवाय अट अशी की तुम्ही काही केलं नसतं तर हा कार्बन साठलाच नसता, हे दाखवावं लागतं. नुसतं जंगल उभं आहे म्हणून क्रेडिट मिळत नाही. तोडीचा सात-आठ वर्षांचा फेरा थांबवला हे इथे दाखवता येईल, पण त्यासाठी आधीच्या तोडीचे पुरावे लागतात. म्हणून जुने परवाने आणि जुनी छायाचित्रं जपा. केंद्राच्या २०२३ च्या हरित क्रेडिट कार्यक्रमात वृक्षलागवडीचं काम वनखात्याने नोंदवलेल्या अवनत वनजमिनींवर होतं, आपल्या मालकीच्या रानाचा त्यात हिशोब धरू नका.

वाडीकडून मात्र पाण्याचे पैसे मागायचे नाहीत. त्या झऱ्याचं पाणी तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पीत आली आहेत. आम्ही ८१ हजारांचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवला, तो फक्त कळावा म्हणून. त्यानंतर जानेवारीत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढायला घरटी एक माणूस येऊ लागला. आमचा राखणीचा निम्मा खर्च त्यातून सुटला.

सातवं पाऊल: दरवर्षीचा खर्च

जमिनीच्या किमतीइतकीच रक्कम बाजूला ठेवता येत नसेल तर घेऊ नका. निदान पाच वर्षांचा राखणीचा खर्च तरी हाताशी हवा. मोठा खर्च वणव्याचा. पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत जानेवारीत वाळतं, तेव्हाच हद्दीने दहा-बारा फुटांचा पट्टा साफ करून घ्या. फेब्रुवारी ते मे गावातला एक माणूस पगारावर ठेवा, बाहेरचा नको.

रोपं लावण्याची हौस पहिली तीन वर्षं आवरा. तोड थांबली आणि आग लागली नाही की बुंध्यांतून ऐन-किंजळ आपोआप उठतात, पक्षी बिया टाकतात. आम्ही पहिल्या वर्षी दोनशे रोपं लावली, त्यातली एकोणीस जगली. त्याच जागी न लावता उगवलेली आज मोजता येत नाहीत. कोडगूमध्ये अनिल आणि पामेला मल्होत्रा या दांपत्याने १९९१ मध्ये ५५ एकरांपासून सुरुवात करून सुमारे तीनशे एकर रान उभं केलं, तेही मुख्यतः जमिनीला तिच्या कलाने वाढू देऊन.

पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा ३१ जुलै २०२४ चा मसुदा वाचा आणि तुमचं गाव यादीत आहे का ते बघा. महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात धरलं आहे. गाव यादीत असणं राखणाऱ्याच्या फायद्याचं आहे, कारण शेजारच्या गटात खाण येण्याची भीती त्याने कमी होते.

आठवं पाऊल: तुमच्यानंतर

संवर्धनाची अट जमिनीबरोबर कायमची चालत राहावी अशी सोय आपल्या कायद्यात सरळ नाही. आज तुम्ही राखलेलं रान उद्या तुमच्या मुलाला विकता येतं. म्हणून तिघांच्या भागीत आम्ही नोंदणीकृत करार केला: कुणालाही हिस्सा विकायचा झाला तर आधी बाकीच्या दोघांना विचारायचं, आणि तोडीचा निर्णय तिघांच्या सहीशिवाय होणार नाही. प्रत्येकाने मृत्युपत्रात तसं लिहिलं. मुलांना दर मार्चमध्ये झऱ्यावर नेतो, बादली तेच धरतात. यंदा धाकटीने वेळ लावली. पंधरा लिटरला त्रेचाळीस सेकंद.